रुमालाखालचं बोट

जालना
१ जून २०२५

ती. काकासाहेब दाजींस,
बिभीषणचा रामराम.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. ज्योती म्हणते, ते बाजाराच्या गडबडीत असतात. असतील. तसाही फोनवर माझा आवाज चढतो, आणि माझ्या चढलेल्या आवाजाची सरकारनं नोंद घेतलेली आहे, तेव्हा कागद बरा.

राहायची सोय झाली. एका शेटचा चाळीस म्हशींचा गोठा आहे, त्याच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत पडतो आणि दोन्ही वेळा धारा काढतो. घरच्या पाच म्हशी बायकोच्या, सविताच्या गळ्यात टाकून मी इथं परक्याच्या म्हशी आंजारत बसलोय. महिन्यातून एकदा इथल्या पोलीस ठाण्यात जाऊन, मी अमुक ठिकाणी राहतो, असं लिहून द्यावं लागतं. परवा गेलो तर हवालदारानं विचारलं, काय केलं होतं? म्हणालो, वाळूचे डंपर अडवले. अजून? दुधाच्या भावासाठी रस्त्यावर बसलो, कॅनॉलच्या पाण्यासाठी बसलो. तो म्हणाला, बसण्याचंच काम दिसतंय तुमचं. मला हसू आलं, पण त्याला नाही आलं.

तुम्हाला तडीपारीचा हुकूम बघायला मिळाला नसेल म्हणून सांगतो. दोन वर्षं अहिल्यानगर जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही, शिवाय गंगापूर आणि पैठण तालुकेही बंद. आधार काय, तर हे तीन गुन्हे आणि दोन गुप्त साक्षीदार. साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. माझ्या दहशतीमुळे ते म्हणे नाव सांगायला धजत नाहीत. त्यातल्या 'ब'ला तर मी भर बाजारात दुखापत केली. पिऊन पडलेल्या कुणाला तरी उठवून त्याची सही घेतली असणार. दाजी, तुम्ही मला वीस वर्षं ओळखता. तोंड सोडतो, हात सोडत नाही. उभ्या जन्मात मी कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता काम सांगतो. नाशिकला आयुक्तांकडे अपील केलं आहे. आम्हाला या माणसाची भीती वाटत नाही, असं गावानं लिहून दिलं तर उपयोग होईल, असं वकील म्हणतात. ज्योती आणि सविता सह्या गोळा करणार आहेत. पहिली सही तुमची हवी. घरचा जावई म्हणून नको, घोडेगावच्या बाजारातला दलाल म्हणून करा, लोक तुमच्या शब्दावर जनावर सोडतात. अपील गेलं तर दोन वर्षं इथंच. थोरली म्हैस आषाढात विणार आहे, मागच्या खेपेला तिला किती जड गेलं होतं ते तुम्ही पाहिलंय. सविता एकटी पडेल, तेवढं बघा.

ज्योतीला गावातल्या गावात दिली तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. मी म्हणालो होतो, बहीणही डोळ्यासमोर राहील आणि अडीअडचणीला दाजीही. आज ते कामाला आलं.

आपला,
बिभीषण


जालना
१७ ऑगस्ट २०२५

ती. दाजींस रामराम.

अपील फेटाळलं. ज्योतीकडून कळलंच असेल.

नाशिकला जातानाची गंमत सांगतो. गंगापूर तालुका टाळणारी वैजापूर, येवला अशी गाडी मुद्दाम धरली, म्हणजे आपला जिल्हाही लागायला नको. वैजापुरात कंडक्टर म्हणाला, पुढं रस्ता बंद आहे, कोपरगाववरून जाऊ. सगळी गाडी खूश, कुणाला शिर्डी जवळ पडणार होती. मी तेवढा पिशवी घेऊन खाली उतरलो. कंडक्टर म्हणाला, पावणं, तिकीट नाशिकचं आहे तुमचं. काय सांगणार त्याला? कोपरगाव आपल्या जिल्ह्यात येतं आणि मला तिथून नुसतं बसून जायलासुद्धा बंदी आहे, हे मोठ्यानं बोलायची लाज वाटली. दुसरी गाडी तीन तासांनी मिळाली. सुनावणी पाच मिनिटांत उरकली.

सह्या चौसष्ट झाल्या. गोजरबाईनं दोन्ही हातांचे अंगठे दिले, एकानं भागत नसेल तर दुसरा घ्या म्हणाली. यादी मी दोनदा वाचली, दाजी. तुमची सही नाही. ज्योती म्हणाली, त्यांचं राहिलं, बाजारातून उशिरा आले आणि कागद तोवर गेला होता. राहून जातं माणसाकडून.

आता संभाजीनगरला हायकोर्टात जायचं. मोनिका मॅडम म्हणून वकील आहेत, वयानं लहान पण डोक्यानं खमक्या. त्यांना मी एकच विचारलं. गुन्हा शाबीत नाही, तीनपैकी दोन खटल्यांत तर सुटलो, मग ही शिक्षा कशाची? त्या म्हणाल्या, कायद्याच्या भाषेत तडीपारी ही शिक्षा नाहीच, खबरदारी आहे. शिक्षा असती तर खटला चालवावा लागला असता, साक्षीदार पिंजऱ्यात उभा करावा लागला असता, तुम्हाला त्याची उलटतपासणी घेता आली असती. शिक्षा नाही म्हणून यातलं काही नाही. खुनाच्या आरोपीला साक्षीदाराचं तोंड दिसतं, मला दिसत नाही. म्हशीला कासरा लावतात तीही शिक्षा नसते म्हणा, पण म्हशीला विचारून बघा.

थोरली व्याली. रेडी झाली. सवितानं एकटीनं सगळं केलं, तुम्ही आला नाहीत असं ऐकतो.

बिभीषण


जालना
२१ सप्टेंबर २०२५

साक्षीदार 'ब' यांस,

हे पत्र बाजारातल्या चहाच्या टपरीवर पाठवतोय. घरी आलेली पत्रं ज्योती आधी फोडून वाचते, म्हणून.

काल मॅडमच्या ऑफिसात जबाबांच्या प्रती मिळाल्या. नाव, गाव, धंदा, सगळं काळ्या शाईनं झाकलेलं. उरलं ते असं: "सदर इसमाने जनावरांच्या बाजारात माझा हात रुमालाखाली धरून उजव्या हाताचे मधले बोट पिरगाळून मोडले व कोणास सांगितल्यास जिवंत सोडणार नाही अशी धमकी दिली. तेव्हापासून मी त्याच्या दहशतीमुळे घराबाहेर पडत नाही." मॅडमनी विचारलं, कोण असेल, काही अंदाज? मी प्यायला पाणी मागितलं.

ज्यानं हे टाईप केलं तो बाजार न पाहिलेला माणूस असणार. रुमालाखाली एका वेळी दोनच हात असतात आणि बोटांच्या खुणांनी जो भाव ठरतो तो त्या दोघांखेरीज तिसऱ्याला कळत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार? माहीत असतं तर एवढी ओळ त्यानं काळी केली असती. तुम्हाला तरी कळायला हवं होतं. वीस वर्षं दलाली केलीत, रुमालातलं बाहेर काढायचं नसतं हे नव्या पोरांना तुम्ही शिकवता. माझ्या हातून जन्मात एकच बोट मोडलंय, दाजी.

हो, मोडलं. पहिल्या पत्रात मी उलटं लिहिलं होतं, कारण ते पत्र ज्योती वाचणार होती. गोजरबाईच्या म्हशीचा सौदा होता. नवरा गेलेली बाई, बाजार तिला कळत नव्हता, म्हणून मला सोबत घेऊन आली. तुम्ही गिऱ्हाइकाशी एक आकडा ठरवलात आणि तिला दुसरा सांगत होतात. तिच्या बाजूनं मी रुमालात हात घातला, तर तुम्ही मधल्या बोटानं माझा तळवा दाबून खूण केलीत, गप्प बस, तुझाही वाटा आहे. मला. माझ्या गावची विधवा बाई माझ्या भरवशावर आलेली, आणि माझ्या बहिणीचा नवरा मला वाटा देत होता. तेच बोट मी पिरगाळलं. कट्कन आवाज आला. तुमच्या तोंडावरची माशी हलली नाही, हे मात्र मानतो. सौदा खऱ्या आकड्याला झाला. घरी जाऊन म्हणालात, म्हशीच्या दाव्यात बोट सापडलं. ज्योतीनं हळद लावली आणि मी शेजारी बसून म्हणालो, दाजी, जपून राहत चला.

तुमची इज्जत राहावी म्हणून मी गप्प बसलो. तुम्हीही बसलात. मला वाटलं, मिटलं.

जबाबावरची तारीख झाकायची राहिली आहे. तीन एप्रिल. जनावरं भरलेला तुमचा टेम्पो पंधरा दिवस ठाण्याच्या आवारात अडकून होता, तो तीन एप्रिलच्या संध्याकाळी सुटला. तारीख पाठ असायचं कारण असं की टेम्पो सुटला म्हणून तुम्ही पेढे घेऊन आमच्या घरी आला होतात. मी दोन खाल्ले. घराबाहेर न पडणारा माणूस माझ्या ओसरीवर बसून मला पेढे देत होता आणि मी खात होतो, हे मला काल रात्रभर आठवत राहिलं. किळस आली.

माझं नाव बिभीषण ठेवलं म्हणून शाळेपासून ऐकत आलोय, घरभेद्या. चव्वेचाळीस वर्षं नावानं मी बदनाम, आणि घर फोडलं तुम्ही. रागापोटी केलं असतंत तर समजलो असतो. चार लोकांत माझ्या थोबाडीत मारली असतीत तरी मान खाली घालून सोसली असती, बोट मोडलं होतं मी तुमचं. तुम्ही बंद खोलीत जाऊन, नाव झाकून, टेम्पोच्या बदल्यात मला दिलंत.

जिवंत सोडणार नाही, असं मात्र मी म्हणालो नव्हतो. ते तुम्ही किंवा त्यांनी घुसडलं.

'अ' कोण ते मला शोधायचं नाही. तुम्हाला एकच सांगणं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तारीख लागेल. त्याच्या आत मॅडमकडे या आणि लिहून द्या, की तो मी, आमचं भांडण घरातलं होतं, मी याला भीत नाही. एवढं केलंत की मी घरी येतो.

बिभीषण


जालना
२४ ऑक्टोबर २०२५

दाजी,

तुम्ही आला नाहीत. चिठ्ठी नाही, फोन नाही. हेही टपरीवरच पाठवतोय, यापुढचंही तिथंच.

काल भाऊबीज होती. ज्योती आली होती, तुम्हाला सांगूनच निघाली असेल. पहाटे निघून दोन गाड्या बदलून आली. आजवर भाऊ बहिणीकडे जात होता, या वर्षी बहिणीला शोधत यावं लागलं, म्हणाली. पत्र्याच्या खोलीत पाट नव्हता, तर पेंडीचं रिकामं पोतं घडी घालून त्यावर मला बसवलं आणि ओवाळलं. चकल्या मोडू नयेत म्हणून डबा सगळा रस्ता मांडीवर धरून आणला होता. शेटचे गडीसुद्धा तिच्या हातचं मागून खाऊन गेले.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं. "दादा, त्यो 'ब' कोन आसंल रं?" मी म्हणालो, काय माहीत. ती म्हणाली, "मी गावात समद्यांच्या तोंडाकडं बघत फिरते. सह्या घेताना बी बघत हुते, कोन नजर चुकवतंय. ज्यानं माज्या भावाला घरातून काढलं त्याच्या घरात दिवा लागायचा न्हाई." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सणासुदीचं असं बोलू नये म्हणालो. ती म्हणाली, "का न्हाई बोलायचं? रोज बोलते. ह्यांच्या म्होरं बी बोलते."

म्हणजे तुम्ही रोज ऐकता. जेवताना ऐकता का हो? घास उतरतो का?

तुमच्या बोटाचंही बोलली. अजून वाकत नाही, थंडीत ठणकतं, रुमालात हात घालायचं म्हणजे तुम्हाला जड जातं, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं वळतं. मेल्या म्हशीनं चांगल्या हाताचं वाटोळं केलं म्हणाली. मी ताट उचलून बाहेर गेलो. वाईट वाटलं, दाजी. तुमचं बोट मोडल्याचं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं, काल वाटलं. आणि तुमचा राग तसाच्या तसा राहिला. दोन्ही एकदम असतं, हे मला नवीन आहे.

मॅडमनीही परवा सरळ विचारलं, 'ब' म्हणतो तसं काही घडलं होतं का? घडलं असेल तर आताच सांगा. मग आपण म्हणू, हा घरगुती तंटा आहे, यात समाजाला धोका कुठला? पण मग तो माणूस कोण ते लिहावं लागेल. घडलं नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र करा. मी पंधरा दिवस मागून घेतले आहेत. खरं सांगितलं तर घरी जायची वाट मोकळी आहे, फक्त त्या वाटेवर ज्योतीचा संसार आहे.

अजूनही या. तुम्ही आलात तर तुम्ही सांगितलं असं होईल. मी सांगितलं तर मी तुम्हाला उघडं पाडलं असं होईल, आणि तिला दोघांतला एकच ठेवता येईल.

बिभीषण


जालना
६ नोव्हेंबर २०२५

काकासाहेब,

तुम्ही आला नाहीत, तेव्हा आज सही केली. "साक्षीदार 'ब' यांनी कथन केलेला प्रकार कधीही घडलेला नाही." नोटरीनं विचारलं, मजकूर खरा आहे? मी हो म्हणालो. वाळूवाल्यांनी खोटे गुन्हे घातले म्हणून चार वर्षं मी गावभर ओरडत फिरलो, आणि शपथेवर खोटं लिहिणारा आमच्यात पहिला मीच निघालो. तुमच्यासाठी नाही लिहिलं. ज्योतीसाठी लिहिलं. तरी फायदा तुमचा झाला याची चीड येते.

आणखी एक. जिवंत सोडणार नाही, असं मी म्हणालो होतो. बाजारातून परतताना, टेम्पोत. ज्योतीच्या कानावर गेलं तर जिवंत सोडणार नाही, असे माझे शब्द होते. मी भ्यायलो होतो, बहिणीच्या नवऱ्याचं बोट मोडलेला भाऊ तिला कळू नये म्हणून. तुमचा जबाब जितका मी खोटा म्हणत होतो तितका तो नव्हता. घराबाहेर पडत नाही, हे तेवढं निखालस खोटं. तेवढ्यावरच त्यांनी मला बाहेर काढलं.

बिभीषण


मुक्काम गाव
११ डिसेंबर २०२५

ती. दाजींस रामराम.

हे पत्र शेवगावला, तुमच्या थोरल्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतोय. तिथंच आहात असं कळलं.

हायकोर्टानं हुकूम रद्द केला. दोन वर्षं ही कायद्यातली सगळ्यात मोठी मुदत आहे, ती का लावली याचं कारण हुकमात नाही, सगळा जिल्हा का बंद केला याचंही नाही. गुप्त जबाब खरे की खोटे हे कुणी वरिष्ठानं पडताळून पाहिलं नाही. माणसाला त्याच्या घरातून असं काढता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले, ते मॅडमनी मला मराठीत सांगितलं. मी कोर्टातच रडलो. माझ्या प्रतिज्ञापत्रावर एक शब्द बोलणं झालं नाही. ते नसतं तरी सुटलो असतो. एवढं मोठं खोटं मी फुकट बोललो.

परवा दुपारी फाट्यावर उतरलो. ज्योती, सविता, गोजरबाई उभ्या होत्या, आणखी पंधरावीस माणसं. तुम्ही नव्हता. निकाल लागल्याचा फोन आला त्याच दिवशी तुम्ही कपडे घेऊन गेलात असं ज्योती म्हणाली. बाजाराच्या दिवशीही तुमची जागा रिकामी होती. ज्योतीला वाटतं, तुम्हाला पुन्हा टेम्पोचं काही लफडं झालंय आणि तुम्ही तिच्यापासून लपवताय.

ती समोर बसली आहे. तिनं मला हे पत्र लिहायला बसवलंय, कारण तुम्ही तिचा फोन घेत नाही. ती सांगते ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"घरी या. टेम्पोचं काय झालं आसंल तर ऱ्हाऊ द्या, बघू काय ते. दादा आलाय. सही केली न्हाई म्हनून तुमी तोंड चुकवत आसाल तर त्यो काय रागावल्याला न्हाई, मी इचारलंय त्याला. बोटाला तेल लावत जावा. मी वाट बघते."

इथवर तिचं. ती आता चहा ठेवायला आत गेली आहे.

यापुढचं माझं. मी रागावलेलो आहे आणि तो राग जाईल असं मला दिसत नाही. मला गावातून काढायला तीन गुन्हे, दोन जबाब आणि प्रांतसाहेबांची सही लागली, आणि परत यायला कोर्ट होतं. तुम्ही कुणी न सांगता निघून गेलात, तुमच्यासाठी असं कोर्ट नाही. तेव्हा स्वतःच या. हे पत्र नंतर तिच्या हाती पडलं तरी मला चालेल, पण तिला तुमच्या तोंडून कळावं. बोट मी मोडलं, धमकी मी दिली, तेही सांगा, काही झाकू नका. मग ती दोघांनाही दारात उभं करणार नाही कदाचित. तेही सोसू.

तुमच्यापायी मी एकदा शपथेवर खोटं लिहिलं. तिच्या तोंडावर मला ते जमणार नाही. आज सकाळी धारा काढताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, ते का गेलं, तुला म्हाईत हाय ना?" मी बादली घेऊन उठलो.

उद्या ती पुन्हा विचारील.

बिभीषण